‘फ्लॅटसाठी पगच घ्या, काही त्रास नाही’ : या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

फ्लॅटमध्ये कुत्रा आणायचा विचार सुरू झाला की नातेवाइकांतलं, ऑफिसातलं किंवा सोसायटीतलं कुणी ना कुणी हमखास सांगतं, "पग घ्या, काही त्रास नाही." कारणंही ठरलेली असतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या याद्यांमध्येही तीच सापडतात. तो घोरतो, पण पग असाच असतो. केस आखूड, म्हणून उकाडा सोसतो आणि निगाही लागत नाही. आकाराने लहान, म्हणून फिरवावं लागत नाही. घरात शिजेल ते खातो. बाहेर जातच नाही, मग लशी कशाला? मुलांना खेळायला एकदम सुरक्षित. मादी असेल तर एकदा पिल्लं होऊ द्यावीत. आणि केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, पेपर असले की तब्येतीची चिंताच नको.

सांभाळणं झेपत नाही म्हणून सोडलेल्या पगना नवी घरं शोधून देणाऱ्या एका लहानशा गटात मी काम करते. पग परत द्यायला येणारी माणसं निर्दय नसतात. बहुतेकांना हेच सगळं सांगून पिल्लू विकलेलं असतं, आणि दोन-तीन वर्षांनी कुत्रा धापा टाकायला लागला, डोळा पांढरा पडला, औषधांचा खर्च वाढला की ती हतबल होतात. त्यांचा विश्वास बसला होता तो कशावर, हे एकदा नीट तपासायलाच हवं.

हा सल्ला आपल्याकडे इतका का रुजला, हेही आठवून बघा. २००३ साली हच या मोबाइल कंपनीची जाहिरात आली. तिच्यात एक मुलगा जिथे जाईल तिथे एक पग त्याच्या मागोमाग चालत राहतो. त्याआधी महाराष्ट्रातल्या घरांत पग क्वचित दिसायचा. घरोघरी असायचा तो पांढरा, झुबकेदार शेपटीचा ‘पॉमेरेनियन’, जो बहुतेक वेळा खरं तर इंडियन स्पिट्झ असे. जाहिरातीनंतर पगला मागणी आली, मागणीमागून पिल्लं काढणारे आले. आपल्या हवेत, आपल्या घरांत हा कुत्रा कसा राहील याचा विचार मात्र कुणी केला नाही.

"घोरतो, पण पग असाच असतो"

याच मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचे बरेचसे मुद्दे याला येऊन मिळतात.

पगचं तोंड चपटं आहे म्हणजे त्याच्या कवटीचं पुढचं हाड आखूड झालेलं आहे. हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. जीभ जाडच राहिली. टाळूचा मागचा मऊ भाग लांब राहिला, तो घशात लोंबून श्वासनलिकेच्या तोंडावर येतो. नाकपुड्यांच्या जागी नुसत्या फटी उरल्या. नाकाच्या आत हवा ओलसर आणि गार करणाऱ्या नाजूक हाडांच्या गुंडाळ्या असतात. त्यांना वाढायला जागाच नसल्याने त्या वेड्यावाकड्या वाढून हवेची वाट अडवतात, हे जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी तपासण्या करून दाखवलं आहे. थोडक्यात, एकेका श्वासाला पगला तीन-चार ठिकाणचा अडथळा ओलांडावा लागतो, जागेपणी आणि झोपेतही. आपण ऐकतो ते घोरणं म्हणजे त्या अडथळ्याचा आवाज. डॉक्टरांच्या भाषेत या दुखण्याला ‘बोआस’ म्हणतात.

हे दुखणं आहे तिथेच थांबत नाही. अरुंद वाटेतून हवा ओढायला जास्त जोर लावावा लागतो. त्या ओढीने घशातले मऊ भाग आत खेचले जातात, सुजतात, आणि वर्षानुवर्षांच्या ताणाने स्वरयंत्राची कूर्चा कमकुवत होऊन आत बसू लागते. म्हणून ‘लहान आहे, मोठा झाला की घोरणं कमी होईल’ या आशेवर बसू नये. बहुतेकदा उलटंच होतं. पिल्लू असताना जे जाणवत नाही ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डोकं वर काढतं.

काय बघायचं ते सांगते. कुत्रा बसल्या बसल्या झोपतो का? हनुवटी सोफ्याच्या कडेवर किंवा उशीवर उंच ठेवल्याशिवाय त्याला झोप लागत नाही का? तोंडात बॉल किंवा खेळणं धरून झोपतो का? असे व्हिडिओ हसण्याच्या इमोजी लावून पुढे पाठवले जातात. तो कुत्रा तोंड उघडं राहावं म्हणून ते खेळणं धरून असतो, कारण तोंड मिटलं तर नाकातून पुरेशी हवा येत नाही. झोपेतून दचकून उठणं, खाल्ल्यावर फेसाळ पाणी किंवा अन्न बाहेर काढणं, दोन मिनिटं पळाल्यावर बराच वेळ घरघर चालू राहणं, ही सगळी त्याच आजाराची चिन्हं.

लोकांना हे दिसत नाही असं नाही. दिसतं, पण ते ‘जातीचा स्वभाव’ म्हणून सोडून देतात. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्वासाचा त्रास असलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं, तुमच्या कुत्र्याला श्वास घ्यायला त्रास होतो का? ५८ टक्के मालकांनी ‘नाही’ असं उत्तर दिलं. तेच मालक कुत्रा घोरतो, धापा टाकतो हे सांगत होते.

याच कॉलेजचा २०२२ मधला अभ्यास तर प्रत्येक पगवाल्याने वाचावा असा आहे. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींतून चार हजारांहून जास्त पग आणि एकवीस हजारांहून जास्त इतर कुत्रे त्यांनी तपासले. वर्षभरात एखादा तरी आजार होण्याची शक्यता पगमध्ये इतरांच्या १.९ पट निघाली. बोआसची शक्यता जवळजवळ ५४ पट, अरुंद नाकपुड्यांची ५१ पट, डोळ्याच्या जखमेची १३ पट, त्वचेच्या घड्यांतल्या संसर्गाची ११ पट. तब्येतीचा विचार करता पगला आता सर्वसाधारण कुत्रा म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून अधिकाऱ्यांनी प्रजननासाठी निकषच लावले: नाकाडाची लांबी डोक्याच्या लांबीच्या एक तृतीयांश तरी हवी. ‘जातच तशी आहे’ हे उत्तर त्या देशाने मान्य केलं नाही. आपणही करू नये.

घरी आधीच पग असेल तर घाबरून जायचं कारण नाही, पण डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "याच्या श्वासाची तपासणी कराल का?" नुसतं ‘चेकअप’ म्हणाल तर वजन, ताप आणि लशीवरच भागतं. गरज असेल तर नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळूचा लोंबता भाग कमी करण्याची शस्त्रक्रिया होते. स्वरयंत्र खचण्याआधी ती केली तर गुण जास्त येतो. पगला भूल देणं मात्र जोखमीचं असतं, विशेषतः शुद्धीवर येताना, म्हणून चपट्या तोंडाच्या कुत्र्यांवर नियमित शस्त्रक्रिया करणारा डॉक्टरच शोधा. आणि गळ्यातला पट्टा आजच काढा. आधीच अरुंद असलेल्या घशावर दाब कशाला? छातीवर बसणारा हार्नेस वापरा.

"आखूड केस, म्हणून आपला उकाडा त्याला सोसतो"

हा सगळ्यांत घातक गैरसमज. त्याने कुत्रे मरतात.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, जिभेवरचं, नाकातलं, घशातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि त्याबरोबर उष्णता जाते. म्हणजे कुत्र्याला गार ठेवणारं यंत्र त्याच्या श्वासमार्गात आहे, आणि पगचा नेमका तोच भाग अडलेला आहे. केस आखूड असल्याने फार तर थोडा फरक पडेल. त्यात अडलेल्या वाटेतून जोरजोरात श्वास ओढताना स्नायूंना जे कष्ट पडतात, त्यांनी अंगातली उष्णता आणखी वाढते. घसा सुजतो, वाट आणखी अरुंद होते, धाप आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झालं की काही मिनिटांत कुत्रा कोसळू शकतो.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे सगळ्यांना दिसतं, म्हणून नागपूर-चंद्रपूरकडचे लोक निदान सावध असतात. मुंबई, ठाणे, कोकणपट्टीतल्या लोकांना वाटतं, आपल्याकडे पारा ३३-३४ वरच असतो, काय होतंय? पण दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं. पावसाळ्यात ओले कपडे दोरीवर दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तसंच त्या हवेत जिभेवरचं पाणीही लवकर उडत नाही. कुत्रा धापा टाकत राहतो आणि अंग काही गार होत नाही. ऑक्टोबर हीटमधली दुपार आणि जूनचा पहिला पाऊस लांबलेले ते घामट दिवस, हे किनारपट्टीवरच्या पगसाठी मे महिन्याइतकेच वाईट.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. हिरड्या आणि जीभ गडद लाल किंवा निळसर दिसणं, तोंडातून चिकट, दाट लाळ, पाय लटपटणं, उलटी, नजर हरवणं, यांतलं काहीही दिसलं तर आधी अंग गार करायला लागा, मगच रिक्षा शोधा. सावलीत न्या, नळाचं पाणी अंगावर भरपूर ओता आणि जोरात पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका. तो थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. दवाखान्यात जातानाही गाडीत एसी चालू ठेवा, नाहीतर खिडक्या उघड्या ठेवा. जुना सल्ला ‘आधी दवाखाना’ असा होता. आता पशुवैद्य ‘आधी गार करा, मग हलवा’ असं सांगतात, आणि वाटेत गमावलेली मिनिटं किती महाग पडतात हे पाहिलेल्या कुणालाही ते पटेल.

रोजचं म्हणाल तर उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळून फरशी निवल्यावरच बाहेर काढा. रस्त्यावर हाताची पालथी बाजू ठेवून बघा, पाच सेकंद धरवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील. उभ्या गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका, काच खाली करूनसुद्धा. घरात दुपारी पंखा पुरत नसेल तर एसी लावावा लागेल, आणि त्याचं वीजबिल हा पगच्या खर्चाचाच भाग समजा. परदेशी जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: चपट्या तोंडाच्या जाती विमानाच्या सामानाच्या कप्प्यातून न्यायला अनेक विमान कंपन्या नकार देतात. बदली होऊ शकते अशा नोकरीत असाल तर आधीच विचार करा.

"लहान आहे, फिरवायला नको, घरातलं काहीही खातो"

हे दोन मुद्दे एकत्रच घेते, कारण दोन्हींचा शेवट वजनकाट्यावर होतो.

प्रमाणित पगचं वजन ६.३ ते ८.१ किलो. आपल्याकडे दहा-बारा किलोचे पग सर्रास दिसतात आणि लोक कौतुकाने ‘गुटगुटीत’ म्हणतात. आठ किलोच्या कुत्र्याचं वजन एक किलोने वाढलं म्हणजे चौसष्ट किलोच्या माणसाचं आठ किलोने वाढलं. ही चरबी फक्त पोटावर बसत नाही. घशाभोवती, छातीत साठते आणि अडलेला श्वास आणखी अडवते. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधनात जाड पगमध्ये बोआसचं प्रमाण जास्त आढळलं आहे. औषध किंवा शस्त्रक्रियेच्या आधी आपल्या हातात असलेला उपाय म्हणजे वजन उतरवणं.

नसबंदी झालेल्या आठ किलोच्या पगला दिवसाला अंदाजे ४०० ते ४५० कॅलरी पुरतात. एका ग्लुकोज बिस्किटात पंचवीसच्या आसपास असतात. आजोबांच्या चहाबरोबर दोन, संध्याकाळी नातवाच्या हातून दोन, की दिवसाचा पाव कोटा संपला, आणि अजून वाटीत अन्न पडलेलंही नाही. तूप लावलेली पोळी त्याहून भारी. पग खाण्याच्या बाबतीत ‘पुरे’ म्हणत नाही, म्हणून त्याच्या मागण्यावर जाऊ नका. बोटांनी बरगड्या चाचपून बघा. न दाबता लागायला हव्यात. वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसायला हवी.

आता ‘काहीही’ या शब्दाबद्दल. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि आपली भाजी, आमटी, पोहे, रस्सा यांतलं कांदा-लसणाशिवाय काय असतं? द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. नाशिक-सांगलीकडच्या घरांत बेदाण्याचे डबे उघडेच असतात, तिथे जपून. द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लावर याचा संशय आहे आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंचेची आमटीही नको. चॉकलेट नको. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये झायलिटॉल असतं, ते तर विषच. दुधाने पिल्लूपण सरलेल्या बऱ्याच कुत्र्यांना जुलाब होतात. नुसता चिकन-भात रोज दिला तर त्यात कॅल्शियम आणि इतर बरंच काही कमी पडतं. घरचं अन्न द्यायचं असेल तर जरूर द्या, पण डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या.

आणि चालणं लागतं. दिवसातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटं, गार वेळी, त्याच्या चालीने, मध्येमध्ये हुंगू देत. बाल्कनीत कागद अंथरून शी-शू उरकणाऱ्या पगचं शरीर आणि डोकं दोन्ही सुस्तावतात.

"आखूड केस, निगा शून्य"

पगचे केस बारा महिने गळतात. सोफा, काळी पँट, गाडीची सीट, देवघरातलं आसन, कुठेही सापडतील. आठवड्यातून दोन-तीनदा रबरी ब्रश फिरवला तर कमी होतं, थांबत नाही. घरात दम्याचा रुग्ण असेल तर पिल्लू आणण्याआधी अशा एखाद्या घरात दोन-तीनदा तासभर बसून या.

खरी निगा चेहऱ्याची. नाकावरच्या घडीत ओल, मळ, अश्रू साठतात आणि पावसाळ्यात तिथे बुरशी नि जंतू माजतात. वास येतो, कातडी लाल होते, कुत्रा तोंड गालिच्यावर घासतो. रोज एकदा स्वच्छ ओलसर कापसाने घडी पुसायची आणि मग कोरड्या कापडाने नीट कोरडी करायची. कोरडी करणं लोक विसरतात आणि तिथेच बिघडतं. पावडर भरू नका.

डोळे त्याहून नाजूक. ते खोबणीत उथळ बसलेले, बाहेर आलेले असतात. पापण्या पूर्ण मिटत नाहीत, नाकावरचे केस बुबुळाला घासतात, पुढे नाकाड नसल्याने झुडपात डोकं घातलं की पहिला ओरखडा डोळ्यालाच. पग एक डोळा किलकिला करत असेल, पाणी गळत असेल किंवा बुबुळावर निळसर-पांढरा डाग दिसत असेल तर त्याच दिवशी दवाखाना. घरातले जुने आय ड्रॉप घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर जखम खोल जाऊन डोळा फुटू शकतो. मानगुटीला धरून ओढल्याने किंवा भांडणात डोळा खोबणीतून बाहेर आल्याच्या घटना या जातीत घडतात.

दातांचं म्हणाल तर कुत्र्याला बेचाळीस दात, आणि ते सगळे या आखूड जबड्यात दाटीवाटीने, तिरके बसलेले. कुत्र्यांच्या टूथपेस्टने घासायची सवय पिल्लूपणीच लावा. नखं, कान, हेही आहेच.

"बाहेर जात नाही, मग लशी कशाला?"

पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा विषाणू आपल्या चपलांना चिकटून घरात येतो आणि पिल्लू तीन-चार दिवसांत दगावू शकतं. लेप्टो उंदरांच्या मुतातून पसरतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर नाहीत असं कोण म्हणेल? तो माणसांनाही होतो. रेबीजची लक्षणं दिसू लागली की कुत्रा काय, माणूस काय, वाचत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून लशी सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत डोस पूर्ण करा, रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. महापालिकेचा परवाना काढतानाही रेबीज लशीचा दाखला लागतो.

गोचिडाबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. आपल्याकडची तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत अंडी घालते, तिचं सगळं आयुष्य घरात जाऊ शकतं. आठव्या मजल्यावरच्या पगलाही टिक फिवर, म्हणजे गोचीड चावून येणारा ताप, होतो. खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या फिक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर रक्त तपासा. गोचीड रोखणाऱ्या गोळ्या वर्षभर द्याव्या लागतात, फक्त पावसाळ्यात देऊन भागत नाही.

"मुलांना एकदम सुरक्षित, आणि एकटाही राहतो"

यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. पग फार मायाळू असतो. वर सांगितलेल्या २०२२ च्या अभ्यासात आक्रमकपणाची नोंद पगमध्ये इतर कुत्र्यांपेक्षा कमीच आढळली. पण इथे सुरक्षितता दोन्ही बाजूंनी बघावी लागते. मूल कुत्र्यापासून सुरक्षित आहे. कुत्रा मुलापासून आहे का? चार वर्षांचं मूल प्रेमाने गळ्याला मिठी मारतं तेव्हा त्या पगचा श्वास अडतो. बोट डोळ्यात जातं. दमला तरी खेळणं थांबवायला त्याला येत नाही, कारण त्याला माणसाला सोडवत नाही. मूल दहा वर्षांचं होईपर्यंत दोघांना एकटं सोडू नका.

दुसरा अर्धा भाग तर अजिबात खरा नाही. चीनच्या राजवाड्यांत माणसाच्या मांडीवर बसण्यासाठीच शेकडो वर्षं ही जात वाढवली गेली. सतत सोबत हेच त्याचं काम होतं. नवरा-बायको दोघंही सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला येणार असतील तर पग त्या घरासाठी नाही, घर कितीही मोठं असलं तरी. भुंकणं, पाय चाटून चाटून जखम करणं, घाण करणं, याला लोक खोडी म्हणतात. ते एकटेपण असतं.

"मादी आहे, एकदा तरी पिल्लं होऊ द्या"

तिच्या तब्येतीसाठी याची काहीही गरज नाही. पगच्या पिल्लांचं डोकं मोठं, आईच्या कमरेच्या हाडांमधली वाट अरुंद, त्यामुळे बाळंतपण अडतं आणि सिझेरियन करावं लागतं. ज्या कुत्रीला जागेपणी श्वास पुरत नाही तिला त्यासाठी भूल द्यायची. शिवाय नसबंदी न केलेल्या मादीला वय वाढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, तो वेगळाच. योग्य वय डॉक्टरांना विचारा आणि नसबंदी करून टाका.

"केसीआयचे पेपर आहेत, म्हणजे निरोगी"

केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर वंशावळ सांगतात: आई कोण, बाप कोण. त्यांना श्वास घेता येतो का, हे त्यात लिहिलेलं नसतं.

कागद मागायचेच असतील तर दुसरे मागा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्री नियमांप्रमाणे पिल्लं विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी अठरा महिन्यांची होण्याआधी तिची पिल्लं काढता येत नाहीत, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाहीत. नोंदणी क्रमांक विचारला की बरेच जण विषय बदलतात. पाच आठवड्यांचं पिल्लू हातात ठेवून ‘लहानपणीच नेलं की लळा लागतो’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

खरं तर मी पहिल्यांदा मोठा, सोडलेला पग दत्तक घ्या असंच सांगते. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा श्वास, डोळे, गुडघे, स्वभाव सगळं समोर दिसतं, अंदाज बांधावा लागत नाही. दिवसभर घरात कुणी नसेल, उकाडा टाळता येणार नसेल, दवाखान्याचा खर्च झेपणार नसेल, तर पगचा विचार सोडून लांब नाकाचा एखादा मोठा झालेला गावठी कुत्रा किंवा इंडियन स्पिट्झ पाहा. तेही एकटेपणाला कंटाळतातच, पण निदान श्वासासाठी त्यांना झगडावं लागत नाही.

तरीही पिल्लूच हवं असेल तर आई दाखवल्याशिवाय बोलणी करू नका, आणि जमलं तर बापही बघा. नाकपुड्या समोरून उघड्या, गोलसर दिसायला हव्यात. डोळ्यांचा पांढरा भाग चहूबाजूंनी दिसत असेल तर डोळे फार बाहेर आहेत. नाकावरची घडी डोळ्याला टेकता कामा नये. मग त्या आईला पट्टा लावून तीन मिनिटं दुडक्या चालीने चालवायला सांगा आणि कान देऊन ऐका. ब्रिटनचा केनेल क्लब आणि केंब्रिज विद्यापीठ २०१९ पासून साधारण हीच परीक्षा स्टेथोस्कोप लावून घेतात आणि शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. तीन श्रेणीच्या कुत्र्याची पिल्लं काढू नयेत असा त्यांचा सल्ला आहे. तीन मिनिटांनी आईचा श्वास दुसऱ्या खोलीतून ऐकू येत असेल, किंवा मालक तिला चालवायलाच तयार नसेल, तर पिल्लू कितीही आवडलेलं असलं तरी ते न घेता घरी या.